आधी बाकावर, मग फळ्यापुढं: लेकरांना इंग्रजी बोलतं करायची पद्धत, पायरीपायरीनं

आपल्याकडं इंग्रजी बोलायचा तास बहुतेक ठिकाणी असा होतो. सर किंवा मॅडम येतात, म्हणतात चला आज सगळ्यांनी बोलायचं, एकाला उठवतात, फळ्यापुढं उभं करतात आणि स्वतःबद्दल पाच वाक्यं बोल म्हणतात. पोरगं घाम पुसतंय, पाठ केलेली तीन वाक्यं म्हणतंय, चौथ्याला अडकतंय, मागच्या बाकावर खीखी सुरू होते, मग दुसरं उठतं आणि तीच तीन वाक्यं म्हणतं. बाकीचे सगळे तोवर आपला नंबर येऊ नये म्हणून खाली बघत बसलेले. आणि आपण स्टाफरूममध्ये येऊन म्हणतो, आपल्या लेकरांत कॉन्फिडन्सच नाही बघा.

कॉन्फिडन्सचं नंतर बघू, आधी हिशोब बघा. पिरियड 35 मिनिटांचा, पट 45. एकेकानं उठून बोलायचं ठरवलं आणि तुम्ही हजेरीसुद्धा न घेता पूर्ण गप्प बसलात, तरी एकाच्या वाट्याला 47 सेकंदही येत नाहीत. तेच जोड्या करून 10 मिनिटं बोलायला लावलं तर प्रत्येकाला पाचेक मिनिटं मिळतात, आणि हसायला समोर वर्ग नसतो.

मी लातूर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते. खालचं सगळं अशाच वर्गांसाठी आहे, स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांनाही चालेल. आपली गडबड होते ती मुख्यतः क्रमात. सगळ्यात अवघड काम, म्हणजे एकट्यानं सगळ्यांपुढं बोलणं, ते आपण सगळ्यात आधी करायला लावतो. ते सगळ्यात शेवटी यायला पाहिजे.

पायरी 1. आदल्या दिवशीची तयारी

"उद्या स्पीकिंग घेऊ" एवढं ठरवणं म्हणजे तयारी नव्हे. लेकरं उद्या इंग्रजीतून नेमकं कोणतं काम करणारेत ते एका ओळीत लिहा. बसची वेळ आणि तिकीट विचारणं. बाजारात भाव करणं. रस्ता सांगणं. काल काय केलं ते सांगणं. एका तासाला एकच काम घ्यायचं, दोन घेतले की दोन्ही बोंबलतात.

मग त्या कामाला लागणारी वाक्यं स्वतः मोठ्यानं बोलून बघा आणि कागदावर उतरवा. पाचवी-सहावीला दोन प्रश्न, दोन उत्तरं आणि आठ-दहा शब्द याच्या पुढं मी जात नाही. इथं बसचं उदाहरण धरून चालू:

"व्हॉट टाइम डझ द बस टू उदगीर लीव्ह?"
"इट लीव्हज अ‍ॅट टेन फिफ्टीन."
"हाऊ मच इज द टिकट?"
"इट्स नाइंटी रुपीज."

आपल्याला वाटतं हे काय, चारच वाक्यं. पण यात "डझ" आहे, "लीव्हज"चा एस आहे, घड्याळ आहे, आकडे आहेत, पोरांना एवढं पेलायलाच एक तास जातो.

आता कार्डं. सगळ्या तासाचा जीव इथं आहे त्यामुळं जरा सावकाश वाचा. दोन प्रकारची कार्डं करायची, अ आणि ब. दोन्हींवर तीच सहा गावं: उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर, नांदेड, धाराशिव. अ कार्डावर पहिल्या तीन गावांची वेळ आणि तिकीट लिहायचं, पुढच्या तिन्हींपुढं रिकाम्या चौकटी. ब कार्डावर बरोबर उलटं. म्हणजे अ ला जे माहीत नाही ते ब ला माहीत आहे, आणि ते मिळवायला तोंड उघडल्याशिवाय मार्ग नाही. विचारायला कारण पाहिजे हो. सहा वर्षं एका बाकावर बसलेल्या दोघांना "एकमेकाला नाव विचारा" म्हटलं तर ती पोरं आपल्यालाच येड्यात काढतात, आणि बरोबरच करतात.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी रात्री घाईघाईत सगळी कार्डं एकसारखीच लिहून काढली होती. वर्गात वाटली, म्हटलं चला सुरू करा, तर कोणीच सुरू करेना. एक मुलगी उठली, "मॅडम, सेम टू सेम हाय की ओ, काय इचारू?" तिचं चूक काय होतं?

कार्डासाठी खर्च करू नका. लग्नसराईत गावातून पत्रिका गोळा करून ठेवा, पुठ्ठा जाड असतो आणि मागची बाजू कोरी असते. अ निळ्या पेननं, ब लाल पेननं, म्हणजे वाटताना घोळ होत नाही. वेळा आणि तिकीट मनानंच लिहायचं. खरं लिहिलं तर रोज एसटीनं येणारी पोरं कोणाला न विचारता चौकटी भरून मोकळी होतात.

आकडे मुद्दाम फसवे घ्या: थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी. ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायला पाहिजे, म्हणजे तो परत विचारतो, आणि परत विचारणं हेच तर खरं बोलणं.

जोड्याही आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. पहिले पंधरा दिवस दोस्ताबरोबर दोस्त, मैत्रिणीबरोबर मैत्रीण. एकदम हुशार आणि एकदम कच्चं असं एकत्र बसवायची आपल्याला फार हौस, पण त्यात हुशार पोरगं दोघांचं काम उरकतं आणि कच्चं नुसतं मान हलवतं. थोडा उन्नीस-बीस फरक चालतो. पट विषम असला तर एक तिघांचा गट करा आणि त्यातल्या दोघांत मिळून एकच ब कार्ड द्या.

सावधान: शेजारच्या वर्गाला आणि मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की आज गलका होणार आहे. न सांगता केलं की ऐन रंगात कोणीतरी दारात येऊन "काय चाललंय इथं?" म्हणतं, आणि त्या एका वाक्यानं महिन्याची मेहनत जाते.

पायरी 2. पहिली 8 मिनिटं: वाक्य जिभेवर बसवा

फळ्यावर लिहायच्या आधी ऐकवा. आधी लिहिलं की पोरं स्पेलिंग वाचतात आणि मग उच्चारही स्पेलिंगसारखाच येतो. प्रश्न तीनदा, नेहमीच्या वेगानं, एकेक शब्द तोडून नाही.

मग वाक्य शेपटाकडून बांधायचं. तुम्ही म्हणायचं "लीव्ह?", वर्ग म्हणतो. मग "टू उदगीर लीव्ह?", मग "द बस टू उदगीर लीव्ह?", मग "डझ द बस टू उदगीर लीव्ह?", आणि शेवटी पूर्ण. पुढून बांधत गेलं तर शेवटाला येईपर्यंत पोरांचा दम संपतो आणि शेवटचे शब्द गिळले जातात. शेपटाकडून आलं की शेवटचा भाग सगळ्यात जास्त वेळा तोंडातून गेलेला असतो.

"डझ" हमखास गळतं. आपल्या "बस किती वाजता सुटते" मध्ये त्याच्या जागेवर काहीच नाही, मग लेकरू "व्हॉट टाइम द बस लीव्हज" म्हणणारच, त्यात आळशीपणा नाही. यावर मी बोटं वापरते. डावा हात वर धरायचा, एका बोटाला एक तुकडा: व्हॉट टाइम, डझ, द बस, टू उदगीर, लीव्ह. कोणी "डझ" गाळलं की काही बोलायचं नाही, फक्त ते दुसरं बोट हलवायचं. आठवड्याभरात पोरं स्वतःच बाकाखाली बोटं मोजताना दिसतात.

नंतर खिडकीकडची रांग विचारेल, दाराकडची उत्तर देईल, मग उलटं. गावाचं नाव तेवढं बदलत राहायचं. कधी हळू आवाजात, कधी ओरडून, कंटाळा येऊ द्यायचा नाही.

सोबत एक वाक्य कायमचं शिकवून टाका: "से इट अगेन, प्लीज." आणि थर्टीन-थर्टीचा फरक, पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला.

तपासा: मागच्या बाकावरच्या कोणत्याही पाच जणांना फळ्याकडं पाठ करून प्रश्न म्हणायला लावा. तीन अडखळले तर पुढं जाऊ नका, अजून दोन मिनिटं इथंच थांबा.

पायरी 3. करून दाखवा, मग कार्ड वाटा

इथं आपण भाषण देतो. "आता तुम्ही जोडीजोडीनं बसायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग लिहायचं" असं पाच मिनिटं चालतं, मग "समजलं का?" आणि वर्ग "होऽऽऽ". त्या "हो"ला काही अर्थ नसतो, ती सवय आहे.

त्यापेक्षा एका धीट पोराला पुढं घ्या, तुम्ही अ तो ब, दोन गावं विचारून सगळ्यांदेखत चौकटी भरा. मग तुम्ही बाजूला व्हा, दोन लेकरं एक गाव करून दाखवतील. मग विचारा: कार्ड दाखवायचं का? ऐकलं की काय करायचं? समजलं नाही तर काय म्हणायचं? ही उत्तरं बरोबर आली म्हणजे समजलं.

सूचना मराठीत दिल्या तर आभाळ कोसळत नाही. इंग्रजीतल्या सूचना समजण्यातच तास गेला तर बोलणार कधी?

सावधान: कार्डं हे सगळं झाल्यावरच वाटा. हातात कार्ड पडलं की तुमचं एक अक्षर कोणाच्या कानात शिरत नाही.

पायरी 4. जोडीत बोलणं

बाक असतील तर दोघांत मध्ये पुस्तक उभं करून भिंत करा. सतरंजीवर बसणारा वर्ग असला तर आणखी चांगलं, पाठीला पाठ लावून बसवा. कार्ड दिसत नाही, तोंड दिसत नाही, मग नीट बोलावंही लागतं आणि नीट ऐकावंही लागतं.

पहिलं मिनिट शांतता असते. इथं पुष्कळ जण घाबरतात आणि मध्येच तोंड घालतात. घालू नका. एक जोडी सुरू होते, तिचं ऐकून दुसरी, आणि बघता बघता वर्गाचा आठवडी बाजार होतो. होऊ द्या.

मागच्या वर्षी सातवीत हेच चालू होतं. खिडकीपाशी एक मुलगी विचारत होती, "हाऊ मच इज द टिकट?" पोरगं म्हणालं, "इट्स नाइंटी रुपीज." ती लिहायला वाकली, आणि थांबली. "फॉर माय मदर?" पोरगं गडबडलं, कार्डावर तसलं काही नव्हतंच. ती माझ्याकडं वळली, "मॅडम, बायकांना हाफ हाय ना?" आहेच की, मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मी नुसती मान हलवली. ती परत त्याच्याकडं, "हाफ टिकट! फॉर्टी फाइव्ह!" आता हार कसली मानतो तो, म्हणतो, "माय ग्रँडफादर, फ्री!" तर ही म्हणते कशी, "हाऊ ओल्ड इज युअर ग्रँडफादर?" कारण 75 च्या वरच्यालाच फुकट असतं, हे तिला पक्कं माहीत. हा प्रश्न फळ्यावर नव्हता, कार्डावर नव्हता, मी त्या दिवशी शिकवलाही नव्हता. तेव्हापासून माझ्या कार्डावर प्रवासी कोण अशी एक जादा चौकट असते: आई, वडील, 76 वर्षांचे आजोबा. तिकिटाचा हिशोब बदलतो आणि बोलणं दुप्पट होतं.

जोड्या बोलत असताना तुमचं काम काय? वही हातात घेऊन फिरायचं, कान लावायचा, ऐकलेल्या चुका लिहायच्या आणि एकही दुरुस्त करायची नाही. खरंच एकही नाही. पोरगं कसंबसं वाक्याच्या मध्यावर आलेलं असतं आणि आपण "लीव्हज! लीव्हज!" केलं की ते तिथंच मिटतं. दोघंही पार अडले असतील तरच एक शब्द द्यायचा आणि पुढं सटकायचं. एका जोडीपाशी फार वेळ रेंगाळलात तर ती तुमच्याशी बोलायला लागते. आणि खुर्चीवर बसून वह्या तपासायच्या असतील तर हा तास घेऊच नका.

मराठी मध्ये येणारच. "ए थांब की, लिवायलोय" हे चालतंय. पण अख्खा व्यवहारच "उदगीर किती?" "नव्वद" असा उरकायला लागले तर समजा पायरी 2 कमी पडली. थांबवा, दोन मिनिटं परत म्हणून घ्या, परत सोडा.

सावधान: मराठी शब्दाला एक रुपया दंड, हा प्रकार बऱ्याच क्लासमध्ये अजून चालतो. मीही सुरुवातीला केलाय. पोरं लगेच हुशार होतात, गप्प बसायला दंड नसतो हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात येतं.

तपासा: झाल्यावर दोघांनी कार्डं शेजारी ठेवून ताडून बघायची. थर्टीनच्या जागी थर्टी लिहिलेलं सापडतंच. त्यांनीच शोधू द्या चूक कोणाची, बोलणाऱ्याची का ऐकणाऱ्याची. भांडतात जरा, भांडू द्या.

पायरी 5. जोडी बदला आणि तेच परत

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच. आपल्याला वाटतं झालं की एकदा, आता नवीन घेऊ. पण पहिल्या वेळी लेकरू शब्द शोधत असतं, दुसऱ्या वेळी वाक्य जुळतं आणि तिसऱ्या वेळी ते जरा सुटं बोलतं. ऐकणारा नवीन असला म्हणजे तेच परत बोलायचा कंटाळाही येत नाही.

व्हरांड्यात दोन रांगा समोरासमोर उभ्या करा. एक रांग जागेवर, दुसरी दर फेरीला एक पाऊल सरकते, टोकाचा पळत सुरुवातीला येतो.

काही सांगायचा विषय असेल, म्हणजे काल काय केलं, तर दर फेरीला वेळ कमी करत जायचा. ही पद्धत चार, तीन आणि दोन मिनिटं अशी चालते, पण आपल्या लेकरांना चार मिनिटं म्हणजे डोंगर. मी दोन, दीड आणि एक मिनिट ठेवते. मजकूर तोच, वेळ कमी, मग आपोआप अडखळणं कमी करावं लागतं.

विषय त्यांच्या अंगावरचा पाहिजे. आमच्याकडं येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा वेळा अमावास्येचा सण, झाली की मी हेच घेते, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असतो. "वी वेंट टू अवर फार्म. वी एट भज्जी." भज्जी भज्जीच राहू द्या. पण आंबिल म्हणजे काय ते इंग्रजीत सांगा म्हटलं तर काय काय निघतं बघा, एकजण म्हणाला "सावर", दुसरा "बटरमिल्क", तिसरी "ज्वारी पावडर", आणि तिघांचं मिळून खरंच आंबिल झालं.

बोलायच्या आधी तीन मिनिटं विचार करायला द्या, मराठीत करू द्या, पण कागदावर फक्त पाच-सहा शब्द लिहायचे. वाक्यं लिहू दिली की ते वाचन होतं. आणि दुसऱ्या फेरीला तो कागदही खिशात.

पायरी 6. चौघांचा ग्रुप

चारच. सहाचा ग्रुप केला की दोघं बोलतात, दोघं ऐकतात आणि दोघं खिडकीबाहेर बघतात.

ग्रुपला "चर्चा करा" म्हणून सोडू नका, निर्णय करायला द्या. मोबाइल शाप की वरदान असला वाद मी एकदाच घेतला, वर्गातले नेहमीचे दोन वक्ते पाठ केलेली भाषणं ठोकून गेले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, झालं स्पीकिंग. त्यापेक्षा हे करून बघा: चौघं मिळून जत्रेला चाललेत, चौघांत मिळून 200 रुपये. फळ्यावर यादी: पाळणा, उसाचा रस, भेळ, बांगड्या, रेवड्या, घरी न्यायला काहीतरी, प्रत्येकापुढं किंमत, सगळ्याची बेरीज 200 च्या बरीच वर जाईल अशी. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, चौघांचं एकमत झालं पाहिजे. यासाठी चार वाक्यांचे सांगाडे पुरतात: "लेट्स बाय", "व्हॉट अबाउट", "नो, बिकॉज", "इट्स टू कॉस्टली". हे आधी पायरी 2 सारखं म्हणून घ्यायचं, विसरू नका.

एकच पोरगं सगळं बोलतंय हा रोग प्रत्येक ग्रुपला असतो. औषध: चिंचोके. प्रत्येकाला पाच. एकदा बोललं की एक मध्ये ठेवायचा. संपले की त्यानं गप्प बसायचं, आणि सगळ्यांचे संपल्याशिवाय निर्णय सांगायचा नाही. मग बडबड्या पोराला जपून बोलावं लागतं आणि गप्प बसणाऱ्याला बाकीचेच ढोसतात, "बोल की रे, तुझे पाच तसेच हायेत."

पायरी 7. आता फळ्यापुढं

इथपर्यंत लेकरानं तीच वाक्यं पाच-सात वेळा बोललेली असतात, म्हणून आता पुढं बोलावलं तर चालतं. पण एकट्याला नको, दोघं मिळून या. आणि स्वतःबद्दल नको, जोडीदारानं काय सांगितलं किंवा ग्रुपनं काय ठरवलं ते सांगायचं. दुसऱ्याबद्दल बोलताना लाज निम्मी होते, शिवाय "शी वाँट्स", "ही लाइक्स" वापरावंच लागतं, जे एरवी शंभरदा शिकवूनही तोंडात येत नाही.

ऐकणाऱ्यांनाही काम द्या. त्यांच्या ग्रुपनं घेतली नाही अशी वस्तू ऐकू आली की हात वर. काम नसलं की खीखी सुरू.

एका दिवशी तीन-चार जोड्या बास. सगळ्यांना पुढं आणायचंच हा हट्ट धरला की आपण फिरून त्या 47 सेकंदांवर येतो.

पायरी 8. शेवटची 5 मिनिटं: चुकांचा हिशोब

वहीत टिपलेल्यातली पाच वाक्यं फळ्यावर लिहा, नाव कोणाचंही घ्यायचं नाही. त्यातली दोन मुद्दाम बरोबर घ्यायची. कोणतं बरोबर, कोणतं चूक, चूक असेल तर काय करू, हे जोडीत ठरवायचं. आमच्या फळ्यावर हमखास असतात ती ही: "आय डिड नॉट वेंट", "शी गो टू मार्केट", "यू आर व्हेअर गोइंग?". शेवटचं तर सरळ मराठीच आहे, "तू कुठं चाललास?", शब्द तेवढे इंग्रजी.

सगळ्या चुका धरू नका. आज जे शिकवलं त्यातली चूक, किंवा जिच्यामुळं समोरच्याला कळलंच नाही अशी चूक, एवढ्याच घ्यायच्या. ए, अ‍ॅन, द आपल्या भाषेत नाहीतच, ते गळणार, कितीतरी वर्षं गळणार, त्यासाठी आजचा तास नासवू नका.

तरीही न बोलणारी लेकरं

आधी स्वतःचं घड्याळ तपासा. प्रश्न विचारल्यावर आपण एक सेकंदही थांबत नाही, लगेच "बोल बोल", नाहीतर दुसऱ्याकडं वळतो. मनात सावकाश तीन आकडे मोजा. ते तीन सेकंद फार लांब वाटतात, पण त्यातच लेकराचं वाक्य जुळत असतं.

ऊसतोडीला गेलेल्या घरातली लेकरं दिवाळीनंतर जातात आणि कारखाना बंद झाल्यावर येतात, मधलं सगळं बुडालेलं. त्यांना आल्या आल्या पुढं उभं करू नका आणि "तुला काही येत नाही" हेही नको. पहिला आठवडा तिघांच्या गटात ठेवा, कार्ड दोघांत एक. मग रस्त्याचा विषय आला की बघा, कोणत्या गावावरून कुठं जायचं हे त्यांच्याइतकं वर्गात कोणालाच सांगता येत नाही. फक्त त्यांच्या कष्टाचं प्रदर्शन मांडू नका, त्यांना सांगावंसं वाटलं तरच.

तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, म्हणजे इंग्रजी त्यांची चौथी भाषा. त्यांना भाषेत कच्चं म्हणणारा माणूस स्वतः किती भाषा बोलतो ते एकदा विचारा. विचार करायची तीन मिनिटं त्यांना गोरमाटीतच घालवू द्या.

अडखळत बोलणारं, म्हणजे खरंच तोतरं लेकरू असेल तर त्याच्या जोडीला वेळ लावायचा नाही. पायरी 5 मधली कमी कमी होणारी मिनिटं त्याच्यासाठी नाहीत.

35 मिनिटांत हे बसवायचं कसं

आठही पायऱ्या एका पिरियडमध्ये बसत नाहीत, बसवायला जाऊ नका. पहिल्या दिवशी 2, 3, 4 आणि शेवटी 8. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं उजळणी आणि पायरी 5. ग्रुप आणि फळ्यापुढं येणं मी शनिवारी सकाळच्या शाळेत घेते. आठवड्यातून दोन दिवस आणि एक शनिवार, बाकीचे दिवस पुस्तक आहेच, कोर्स राहून जाईल ही भीती नको.

नोंद ठेवायची तर सोपी ठेवा. एका पानावर 45 नावं, पुढं तीन रकाने: स्वतःहून विचारलं, उत्तर दिलं, कळलं नाही तेव्हा परत विचारलं. एका तासाला फक्त नऊ लेकरांवर कान ठेवायचा, पाच तासांत सगळा वर्ग होतो. तिसरा रकाना सगळ्यात उशिरा भरतो, आणि मला विचाराल तर मार्क त्यालाच जास्त द्यावेत.

कार्डं टाकून देऊ नका. पत्रिकेच्याच पाकिटात भरा, वर इयत्ता आणि विषय लिहा, पाकिटाच्या मागं त्या दिवशी काय फसलं ते दोन ओळीत. पुढच्या वर्षी काढाल तेव्हा वेळा आणि तिकीट तेवढं बदलून घ्या, नाहीतर थोरल्या भावाकडून सगळी उत्तरं आदल्या रात्रीच आलेली असतात.